ज्याची बातमी, त्याच्यासमोर

महानंदा, शाळेच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागलाय. मागे गुलाबी ढग, मध्ये तू, आणि खाली मोठ्या अक्षरात: प्रेमळ, मनमिळाऊ व सदा हसतमुख. फोटो तुझ्या निवडणूक ड्युटीच्या ओळखपत्रावरून मोठा केलाय, त्यामुळे तू सगळ्या सोलापूरवर चिडलेली दिसतेस आणि त्याच्या बरोबर खाली 'सदा हसतमुख'. पहिल्या दिवशी ते वाचलं आणि सवयीनं मागे वळून तुला म्हणणार होते, बघ बाई, हसतमुख म्हणे, कशावरून? मागे तू नव्हतीस. रिक्षावाला होता. त्याला वाटलं, मला परत जायचंय.

तुला जाऊन दोन आठवडे होत आले. स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी जोडलेल्या हातांची रांग लागली होती, आणि दुपारी त्याच्याच खाली शिष्यवृत्तीच्या फॉर्मची आठवण येऊन पडली. मी कुणाला बोल लावत नाही, शाळा चालूच राहते. पण स्टाफरूममध्ये तुझ्या खुर्चीवर आता प्रोजेक्टरचा खोका ठेवलाय, आणि मधल्या सुट्टीत मी त्या खोक्याशेजारी बसून डबा खाते. शेंगाचटणी अजून दोघींपुरतीच भरली जाते, हाताला तेवढंच माप माहीत आहे. उरलेली घरी नेते आणि संध्याकाळी भाकरीबरोबर तीच खाते. मला फार एकटं वाटतं गं. हे जिला सांगितलं असतं ती तू, आणि तूच ही भानगड करून बसलीस.

आपलं भित्तिपत्रक, 'चौकशी', कसं सुरू झालं ते आठवतं? तू मराठीची, मी गणिताची, वर्ग शेजारी शेजारी. तू आठवीला निबंध घातला होतास, 'माझी शाळा'. सगळ्या वर्गानं एकच वाक्य लिहून आणलं: माझी शाळा मला खूप आवडते, कारण तेथील वातावरण प्रसन्न आहे. तू तो वह्यांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात आपटलास. "शोभा, आख्ख्या वर्गाला एकाच वेळी प्रसन्न वाटलं बघ." दुसऱ्या दिवशी एकेकाला उभं करून विचारलंस, प्रसन्न कशावरून? आसिफ डोकं खाजवत म्हणाला, "बाई, गाईडमध्ये हाय." तू रागावली नाहीस. म्हणालीस, आता बाहेर जा आणि गाईडमध्ये नसलेली एक तरी गोष्ट या शाळेत शोधून आणा.

मी समीकरणं शिकवत होते आणि खिडकीतून तुझी पोरं दिसत होती. दोघी ओढणीनं व्हरांडा मोजत होत्या. एक जण शिपायाला विचारत होता की शनिवारी घंटा लवकर का होते. एक मुलगा पाण्याच्या टाकीजवळ पालथा पडून मुंग्या बघत होता. त्यातून पहिला अंक निघाला, कार्डशीटवर हातानं लिहिलेला आणि सायकल स्टँडच्या भिंतीवर चिकटवलेला. सगळ्यात मोठी जागा मुंग्यांना मिळाली. मुंग्या मध्येच रस्ता बदलतात, असं त्या मुलानं लिहिलं होतं, आणि खाली: का बदलतात ते मला कळलं नाही. 'मला कळलं नाही' असं शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं गणित शिकवूनही माझ्या एकाही विद्यार्थ्यानं ते वहीत लिहिलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटला होता, आणि तो मी तुला बोलूनही दाखवला होता.

मुख्याध्यापक सर नाव वाचून म्हणाले, "चौकशी? पोलीस ठाणं काढलंय का मॅडम?" तू म्हणालीस, "नाही सर, ठाण्यात उलट असतं. तिथं मोठे विचारतात."

नियम तुझाच होता. ज्याची बातमी, ती आधी त्याच्यासमोर उभं राहून वाचायची. वाचून झालं की विचारायचं, यात काही चुकलंय का? आणि मग गप्प थांबायचं, समोरच्याला सुचेपर्यंत. माहिती चुकली असेल तर ती तपासून बदलायची. पण 'हे लावू नका' असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही, सरांनाही नाही आणि आपल्यालाही नाही. मी म्हणाले होते, अगं, मुलं आहेत ती, मोठ्यांच्या तोंडावर कशी वाचतील? तू म्हणालीस, तोंडावर वाचायचंय म्हटलं की माणूस नीट लिहितो.

आणि नेमकं पहिल्याच महिन्यात आसिफनं सरांवर लिहिलं. सर उशिरा आलेल्या मुलांना परिपाठात उभं करतात, आणि स्वतः परिपाठ संपल्यावर येतात. तो केबिनमध्ये वाचत होता आणि आपण दोघी दाराबाहेर उभ्या. मी सारखी आत डोकावत होते. तू माझं कोपर धरून तुमच्या कानडीत म्हणालीस, "सुम्न कूड." गप बस. मी उभी असले तरी तू मला तेच म्हणायचीस. आत सरांचे कान लाल झाले होते. आसिफनं विचारलं, यात काही चुकलंय का, आणि तो बिचारा नियमाप्रमाणे थांबून राहिला. बऱ्याच वेळानं सर म्हणाले, "रोज नाही. फक्त सोमवारी. सोमवारी मी अक्कलकोटहून येतो." आसिफनं लगेच पेन काढलं. भिंतीवर बातमी लागली, त्यात 'फक्त सोमवारी' अधोरेखित केलेलं. पुढच्या सोमवारपासून सर आधीच्या गाडीनं यायला लागले. मला वाटलं, आता तू पोराला डोक्यावर घेशील. तू त्याला झापलंस, ते कुठून येतात हे तू लिहायच्या आधी का विचारलं नाहीस म्हणून.

पद्मावरून मात्र आपलं जे वाजलं ते मिटलंच नाही. पद्मानं लिहिलं होतं की तिच्या थोरल्या बहिणीला शाळेतून काढलंय, आता ती दिवसभर आईबरोबर विड्या वळत बसते, आणि 'तिला भूगोल माझ्यापेक्षा जास्त येतो'. इतकी साधी आणि इतकी चांगली बातमी आपल्याकडे कधी आली नव्हती. नियमाप्रमाणे ती आधी वडिलांसमोर वाचायची होती. पोरगी आठवडाभर तो कागद दप्तरात घेऊन फिरली. वाचू शकली नाही. तू म्हणालीस, मग लागणार नाही.

मी तुझ्यावर खरंच चिडले होते. घरी जाताना रस्त्यात म्हणाले, तुझा नियम धीट पोरांसाठी आहे. ज्याच्यासमोर उभं राहताच येत नाही, त्याच्याबद्दल लिहायचंच नाही का? तू म्हणालीस, "मग काय, माघारी लिहायचं?" मी म्हणाले, हो, कधी कधी माघारीच लिहावं लागतं. पुढे आपल्या गल्लीचं तोंड आलं. तिथं थांबून तू म्हणालीस, "विचार करते." दिवाळी झाली, सहामाहीचा निकाल लागला. मी विचारलं की तू म्हणायचीस, "करतेय की." ते उत्तर देणं राहिलंय, महानंदा. आणि माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं.

त्यानंतर तू आम्हाला जे सांगितलंस, त्याचा हिशेब मी अजून लावतेय. मला म्हणालीस, वळसंगला भावाकडे जाते, शेतात बोअर मारायचीय. मुलांना म्हणालीस, ट्रेनिंग आहे. आणि शिवानंदला, तुझ्या सख्ख्या भावाला फोनवर म्हणालीस, शाळेच्या परीक्षा आहेत, आठवडाभर फोन करू नको. तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवलीस आणि बजावलंस, गुलाबाला पाणी घाल, तुळशीला जास्त घालू नको. मी रोज संध्याकाळी जात होते. कुंड्यांना पाणी घालून तुझ्या स्वयंपाकघरात बसून एकटीच चहा करून प्यायचे, आणि मनात म्हणायचे, ही तिकडे शेतात मजेत हुरडा खात असेल.

त्या सकाळी शिवानंदचा फोन आला. "म्याडम, आक्का तुमच्याकडं हाय न्हवं? दवाखान्यातनं फोन आलाय. कायतरी चुकून आला आसंल." मी म्हणाले, "ती तर तुमच्याकडे आहे."  मला पलीकडे त्याच्या म्हशीचा आवाज ऐकू येत होता.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तू गेलेली होतीस. डॉक्टर म्हणाले, "हृदयाचं दुखणं बऱ्याच महिन्यांपासून माहीत होतं त्यांना. दाखल होताना आम्ही विचारलं, बरोबर कोण आहे? त्या म्हणाल्या, कुणी नाही."

हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. बाकी सगळं मी गिळलं. तुझं खोटं, तुझा ताठा, मला न सांगता गेलीस तेही. पण 'कुणी नाही' कसं म्हणालीस? रोज एका डब्यातून जेवणाऱ्या बाईला तू कुठं ठेवलंस त्या क्षणी? तू असतीस तर तुला हलवून हलवून विचारलं असतं. आता तुझ्या फ्लेक्सकडे बघून मनात विचारते, आणि तू चिडल्यासारखी बघतेस.

गेल्या शनिवारी परिपाठानंतर पद्मा आणि आसिफ माझ्याकडे आले. पद्मा आता नववीत आहे, 'चौकशी'ची संपादक तीच. हातात कार्डशीटची गुंडाळी होती. "मॅडम, बाईंची बातमी लिहिलीय. पण आता ती कुणासमोर वाचायची?"

मी म्हटलं, दाखव. तिनं गुंडाळी छातीशी धरली. "आधी बाईंसमोर."

सरांना मात्र आसिफच्या तोंडून एक ओळ कळली होती. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मुलांनी लिहिलंय की बाई खोटं बोलल्या. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का मॅडम? तुम्ही समजवा त्यांना. नेहमी जरा सौम्य करा म्हणणाऱ्या तुम्हीच होता ना?" खरं होतं ते. तुझ्या मुलांचे काटे बोथट करणारी मीच होते. हो म्हटलं असतं तर सगळं सोपं झालं असतं. काळी चौकट, तुझा फोटो, 'आमच्या लाडक्या बाई', आणि 'चौकशी' त्याच अंकाबरोबर संपली असती. नंतर कुणालाच काही विचारायचं धाडस झालं नसतं. मी म्हटलं, "सर, तुमची सोमवारची बातमी लागली तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं. पण ती तुमच्यासमोर वाचली होती. हिचीही तिच्यासमोर वाचू द्या." सरांनी पेपरवेट उचलून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, भावालाही विचारा.

तुमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात, हे बरं झालं. निदान समोर उभं राहायला जागा आहे. मुलांच्या घरी विचारून, शिवानंदला फोनवर सगळं सांगून रविवारी आम्ही तिघं अक्कलकोटच्या गाडीनं वळसंगला उतरलो. शिवानंद बांधावर वाट बघत होता. मातीचा ढिगारा अजून ओला वाटत होता, वर वाळलेली बेलाची पानं, शेजारी तूर. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्याडम, खोटं बोलली म्हणून भिताडावर लावू नका की. लोकं काय म्हणतील? आक्का आमची तसली न्हवती." मी म्हटलं, "आधी ऐका तरी."

पद्मा ढिगाऱ्यासमोर उभी राहिली. वडिलांसमोर जिला उभं राहता आलं नाही, तीच. कार्डशीट दोन्ही हातांनी उलगडून ती वाचायला लागली.

"महानंदा बाई गेल्या. बाई चिडायच्या. बाईंचं अक्षर वाईट होतं. आम्ही काहीही सांगितलं की त्या कशावरून असं विचारायच्या, त्यामुळे आम्ही घरीही तसं विचारायला लागलो आणि बोलणी खाल्ली. जायच्या आधी बाईंनी आम्हाला सांगितलं की त्या ट्रेनिंगला चालल्या आहेत. ते खरं नव्हतं. त्या दवाखान्यात होत्या. आम्हाला याचं वाईट वाटलं, कारण त्यांनी सांगितलं असतं तर आम्ही भेटायला गेलो असतो. बाईंना जवळचं कुणी नव्हतं, म्हणून त्या एकट्या गेल्या."

मग तिनं कागद खाली केला आणि मातीकडे बघत विचारलं, "यात काही चुकलंय का, बाई?"

आणि ती थांबली. तू शिकवलं होतंस तशी, घाई न करता. आसिफही हात मागे बांधून उभा होता. तुरीतून वारा जात होता आणि लांब कुणीतरी मोटर चालू केली. शिवानंद खाली बघत होता. मग त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "खरं हाय ते. आमाला बी सांगितलं न्हाय तिनं. लावा."

मी म्हटलं, "एक चुकलंय. जवळचं कुणी नव्हतं असं लिहिलंयस. तिला मैत्रीण होती."

पद्मानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं तेच विचारलं जे तू विचारलं असतंस. "कशावरून, मॅडम? तुम्हालाबी सांगितलं नव्हतं की."

मला राग आला पाहिजे होता. मी म्हटलं, आम्ही रोज डबा एकत्र खायचो. ती म्हणाली, "स्टाफरूममध्ये सगळेच खातात." आसिफनं तिला कोपरानं ढोसलं. मी म्हटलं, आम्ही रोज बरोबर घरी जायचो. ती म्हणाली, "तुमचं घर त्याच रस्त्याला हाय." मी म्हटलं, आम्ही भांडायचो. तिनं यावर जरा विचार केला, पण लिहिलं नाही.

मग मी पर्स उघडली आणि तुझ्या घराची किल्ली काढली. हिरवा दोरा बांधलेली. पद्मानं ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आसिफला दाखवली. शिवानंदनंही पाहिली. "आक्काच्या घरची हाय," तो म्हणाला. "आमच्याकडं बी न्हाय ती."

पद्मानं किल्ली मला परत दिली. "हे चालेल," म्हणाली, आणि कार्डशीट मांडीवर घेऊन पेन्सिलनं ती ओळ खोडली. मी तिथंच बांधावर बसून रडले. मला सुम्न कूड म्हणायला कुणी नव्हतं.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. कुंभारी मागे पडली. मग म्हणाली, "मॅडम, माझी ती ताईची बातमी. पप्पांसमोर वाचायची हाय. तुम्ही येताल का? वाचीन मीच. तुम्ही फक्त बाजूला उभं राहा."

मी हो म्हणाले. आणि मग सोलापूर येईस्तोवर खिडकीबाहेर बघत राहिले. तू इतके महिने ज्याचा विचार करत होतीस, त्याचं उत्तर एवढंच होतं, महानंदा. नियम तुझा बरोबर होता आणि माझं म्हणणंही बरोबर होतं. माघारी लिहायला नको आणि एकट्यानं उभं राहायलाही नको, बरोबर कुणाला तरी न्यायचं. तुझीही एक बातमी होती आणि ती तुला कुणासमोर वाचता येत नव्हती. मला फक्त म्हणायचं होतंस, शोभा, चल बरोबर. मी पायात चप्पल सरकवून निघाले असते, काही विचारलं नसतं. म्हणजे विचारलं असतं, पण रिक्षात बसल्यावर.

सोमवारी अंक लागला. सर वेळेवर आले होते, त्यांनी उभं राहून सगळा वाचला आणि काही न बोलता आत गेले. शेवटची ओळ अशी आहे: बाईंना एक मैत्रीण होती. बाईंच्या घराची किल्ली तिच्याकडे आहे, ती आम्ही पाहिली.

आज संध्याकाळीही तुझ्याकडे गेले होते. गुलाबाला एक कळी आलीय. चहा केला, तुझ्या खुर्चीसमोरच्या खुर्चीवर बसले, आणि तुझ्याबद्दल लिहिलेलं हे सगळं तिथं मोठ्यानं वाचलं.

यात काही चुकलंय का? मी थांबलेय.